मागचा ब्रेक जरा टाइट करून द्या

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात, गॅरेजसमोर तासभर उभं राहिलं तर हे वाक्य कानावर पडणारच. गिऱ्हाईक गाडीवरून उतरतसुद्धा नाही. मेकॅनिक पाना उचलतो, मागच्या चाकाजवळ उकिडवा बसतो, ब्रेकच्या रॉडच्या टोकाला असलेला नट दोन-तीन फेरे आवळतो, हाताने चाक फिरवून बघतो आणि मान हलवतो. पैसेही बहुधा घेत नाही. पेडल पुन्हा वरच्या वर लागायला लागतं आणि गाडी निघून जाते.

त्या दोन मिनिटांत ब्रेक दुरुस्त झालेला नसतो. आत लायनर, म्हणजे घासणारं अस्तर, जेवढा झिजला, तेवढं अंतर बाहेरून भरून काढलेलं असतं. रोजच्या झिजेपुरतं ते योग्यच आहे, नट त्यासाठीच दिलेला आहे. पण भरून काढायला जागा ठरावीक असते. ती संपत आली तरी पायाला ते कळत नाही, कारण पेडल अगदी पहिल्यासारखंच लागत राहतं. जुन्या मोटरसायकलचे ड्रम ब्रेक याच कारणाने दगा देतात. म्हणून लायनर बदलण्याच्या कामाकडे वळण्याआधी तो नट नेमकं काय करतो, हे नीट समजून घेऊ.

उदाहरणाला स्प्लेंडर घेऊ. हीरो होंडाने ती १९९४ साली बाजारात आणली आणि गेल्या तीस वर्षांत दूधवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांनी ती चालवली. २०११ मध्ये कंपनीचं नाव हीरो मोटोकॉर्प झालं, तरी आतल्या ब्रेकची रचना तीच राहिली. इथे जे सांगितलं आहे ते थोड्याफार फरकाने सीडी १००, पॅशन, जुन्या यामाहा किंवा राजदूतलाही लागू पडतं. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना २०१९ च्या एप्रिलपासून दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत पुढचा ब्रेक वेगळा आणि मागचा वेगळा, आणि आपल्याकडे वापर मुख्यतः मागच्याचा. खरं तर ब्रेक लागताना गाडीचं वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होतं आणि लवकर घसरतं, त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढच्या ब्रेकने करायला हवं. मात्र सायकल शिकताना बसलेली पुढच्या ब्रेकची भीती आयुष्यभर जात नाही.

चाकाच्या मधोमध जो हब असतो तो ॲल्युमिनियमचा. त्याच्या पोटात ओतीव लोखंडाची एक कडी बसवलेली असते. घरातलं लोहचुंबक लावून बघा, हबच्या बाहेरच्या अंगाला ते चिकटणार नाही, आत मात्र चटकन चिकटेल. ती कडी म्हणजे ड्रम. तो चाकाबरोबर फिरतो. एका बाजूने त्याच्यावर ब्रेक प्लेट झाकणासारखी बसते, ती फिरत नाही. प्लेटवर अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू असतात. एका टोकाला दोघेही एका पक्क्या पिनवर टेकलेले आणि दुसऱ्या टोकाला दोघांच्या मध्ये कॅम, म्हणजे दोन बाजूंनी चपटा केलेला लोखंडी दांडा. दोन स्प्रिंगा शूंना एकमेकांकडे ओढून धरतात. पेडल दाबलं की रॉड पुढे ओढला जातो, रॉडमुळे प्लेटबाहेरचा आर्म फिरतो आणि आर्मबरोबर आतला कॅम. चपटी बाजू उभी होऊ लागली की शू फाकतात आणि त्यांच्या पाठीवरचा लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतो.

दोन्ही शू दिसायला सारखे असले तरी काम सारखं करत नाहीत. चाक पुढे फिरत असताना एका शूला ड्रम स्वतःच आपल्याबरोबर ओढायला बघतो. तो शू पिनवर अडकलेला असल्याने ओढला गेला की भिंतीवर आणखी घट्ट दाबला जातो. म्हणजे पायाने दिलेल्या जोरात चाक आपला जोर मिळवतं. समोरच्या शूच्या बाबतीत उलटं घडतं, ड्रम त्याला भिंतीपासून दूर लोटायला बघतो. बुलेटच्या पुढच्या चाकात बरीच वर्षं दोन कॅमचा ब्रेक होता. त्यात दोन्ही शूंना चाकाची मदत मिळे. पुढे जाताना तो झकास धरायचा, पण चढावर थांबल्यावर गाडी मागे सरकू लागली की तोच ब्रेक ढिला वाटायचा, कारण चाक उलटं फिरलं की दोन्ही शूंची मदत एकदमच जाते. स्प्लेंडरमध्ये एक मदतीचा आणि एक बिनमदतीचा अशी जोडी असल्यामुळे चढावर आणि उतारावर ती सारखीच उभी राहते.

आता तो नट. रॉडचा जोर आर्मवर पूर्ण लागू व्हायचा तर ब्रेक लागलेल्या स्थितीत दोघांमध्ये काटकोन किंवा त्याच्या जवळपासचा कोन हवा. नवे शू असताना कारखान्यात आर्म तसाच बसवलेला असतो. लायनर झिजला की तोच दाब यायला कॅमला जास्त फिरावं लागतं. आपण नट आवळतो, तेव्हा आर्म आधीपासूनच थोडा पुढे सरकवून ठेवतो. पेडलची मोकळी हालचाल पूर्ववत होते, पण ब्रेक लागण्याच्या क्षणी आर्म आता काटकोन ओलांडून गेलेला असतो. पुन्हा आवळला की आणखी पुढे. कोन १३५ अंशांवर गेला तर पायाच्या जोरापैकी आर्म फिरवायला ७१ टक्केच उपयोगी पडतो, उरलेला आर्मच्या लांबीच्या दिशेने ताण देण्यात वाया जातो. पेडल तेवढंच खाली जातं, पाय तेवढाच दाबतो आणि गाडी मात्र पुढच्या रिक्षाला टेकून थांबते. अगदी शेवटी कॅम इतका फिरतो की त्याची चपटी बाजू पूर्ण उभी होते. त्यापुढे शू फाकायला वावच नसतो, आणि कधीकधी कॅम त्याच स्थितीत अडकून चाक जाम होतं.

हे होऊ नये म्हणून कंपनीने सोय करून ठेवली आहे, आणि दहातल्या नऊ चालकांनी ती कधी पाहिलेली नसते. आर्मच्या बुडाशी, कॅमच्या दांड्यावर एक छोटा बाण असतो आणि त्याच्याजवळ ब्रेक प्लेटवर त्रिकोणाची खूण. कुणाला तरी पेडल पूर्ण दाबून धरायला सांगायचं आणि खाली वाकून बघायचं. बाण खुणेपाशी पोचला असेल तर नट आवळायचा नाही, शू बदलायचे. बाणावर सहसा चिखल आणि ग्रीसचा थर बसलेला असतो, तेव्हा आधी जुन्या टूथब्रशने तो भाग घासून घ्या.

या खुणेकडे काणाडोळा करण्याची एक युक्ती काही गॅरेजांत चालते आणि तिच्याबद्दल कळकळीने सांगायला हवं. आर्म आणि कॅम यांच्यामध्ये बारीक दाते असतात. नटाचे आटे संपले की आर्म काढून एक-दोन दाते मागे बसवतात. आटे पुन्हा मिळतात, कोनही बाहेरून सुंदर दिसतो आणि गिऱ्हाईक खूश. आत मात्र लायनर कागदासारखा झालेला असतो आणि कॅम जवळजवळ उभा. आर्मवर आणि कॅमच्या टोकावर पंचाने मारलेले ठिपके असतात, ते समोरासमोर हवेत. आपल्या गाडीचे तसे नसतील तर कुणीतरी ही युक्ती करून गेलेला आहे, असं समजून चाक उघडा.

ब्रेक म्हणजे शेवटी वेगाचं उष्णतेत रूपांतर करणारं यंत्र. स्प्लेंडरचं वजन सुमारे ११० किलो, त्यावर दोन माणसं धरली तर एकूण २५० किलो. ताशी ६० किलोमीटरवरून ती थांबवायची म्हणजे सुमारे ३५ हजार ज्यूल ऊर्जा त्या दोन हबमध्ये जिरवायची. तेवढ्या उष्णतेने लिटरभर पाणी आठेक अंशांनी तापेल. वेग निम्मा केला तर ऊर्जा निम्मी होत नाही, चौथाई होते, म्हणून तीसच्या वेगात ब्रेकचं दुखणं कळतच नाही. आता कुंभार्लीसारखा घाट घ्या आणि उतार पाचशे मीटरचा धरा. तीच गाडी न्यूट्रलमध्ये फक्त ब्रेकवर उतरवली, तर सुमारे बारा लाख ज्यूल ड्रममध्ये जातात, म्हणजे साठच्या वेगावरून पस्तीस वेळा थांबण्याएवढे, आणि तेही मध्ये थंड व्हायला सवड न देता. ड्रम तापून फुगतो, म्हणजे शूपासून दूर जातो. लायनरची धरण्याची ताकदही उष्णतेने उतरते. पेट्रोल वाचवायला घाटात गाडी बंद करून सोडणारे लोक अजून दिसतात. गाडी ज्या गिअरमध्ये चढवली, त्याच्या जवळपासच्याच गिअरमध्ये उतरवली, तर यातला मोठा वाटा इंजिन उचलतं.

एवढी उष्णता सोसेल असं अस्तर सापडायला वेळ लागला. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ यांनी जर्मनीत मानहाइमपासून फोर्झहाइमपर्यंत मोटार चालवत नेली. वाटेतल्या उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा एका मोच्याकडून त्यांनी त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनरची गोष्ट बहुतेक जण तिथूनच सुरू करतात. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ पासून डोंगराळ डर्बीशायरमधल्या घोडागाड्यांसाठी रसायनात मुरवलेल्या कापडी पट्ट्यांचे ब्रेक बनवायला घेतले. त्यांच्या आडनावाच्या अक्षरांवरून फेरोडो हे नाव तयार झालं. ड्रम ब्रेकला १९०२ च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी आजचं रूप दिलं. आणि १९०८ च्या आसपास फ्रूड यांनी ॲस्बेस्टॉसचा वापर सुरू केला. न जळणारा, न वितळणारा, स्वस्त तंतू. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगातली बहुतेक चाकं त्यावर थांबली.

ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले की तिथेच रुतून बसतात. फुप्फुसं आक्रसण्याचा आजार, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग, ही त्याची फळं वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवला आहे. नामांकित कंपन्यांचे लायनर आता ॲस्बेस्टॉसविना बनतात, पण भारतात या पदार्थावर सरसकट बंदी नाही आणि सुट्या बाजारातल्या स्वस्त शूमध्ये काय आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. आणि गॅरेजमध्ये आपण काय बघतो? पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा चाक उघडतो, ड्रम तोंडासमोर धरतो आणि जोरात फुंकर मारतो. किंवा हवेचा पाइप लावतो, आणि करडी धूळ सगळ्या गॅरेजभर उडते. चहावाला तिथेच उभा असतो. हे बघून गप्प बसवत नाही. ड्रमची धूळ फुंकायची नाही, झटकायची नाही, हवेने उडवायची नाही. साबणाचं पाणी फवाऱ्याने मारून ती ओली करायची, ओल्या फडक्याने पुसून घ्यायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. नाका-तोंडावर मास्क हवाच. घरी करत असाल तर पोरांना लांब ठेवा. गॅरेजमध्ये करून घेत असाल तर पाण्याची बाटली आपल्या हाताने पुढे करा. आपल्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस नसेलही, पण त्या पोराच्या हाताखालून दिवसभरात कितीतरी ड्रम जातात.

आता काम. गाडी सपाट आणि कडक जमिनीवर डबल स्टँडवर घ्या. रॉडच्या टोकाचा नट सोडवा, रॉड आर्ममधल्या पिनमधून बाहेर काढा, आणि ती पिन, स्प्रिंग व नट लगेच रॉडवरच परत चढवून ठेवा. हे तीन तुकडे हमखास हरवतात. ब्रेक प्लेटला चेसिसकडे जखडणारी एक पट्टी असते, टॉर्क आर्म. तिचा नट, आणि त्यातली कॉटर पिन, काढा. मग एक्सलचा नट सोडवून एक्सल ओढून घ्या. तो गंजलेला असेल तर थेट हातोडी घालू नका, लाकडाचा तुकडा मध्ये धरा, नाहीतर आटे फुलतात. एक्सल निघताना बाजूचा कॉलर खाली पडतो. तो कुठल्या बाजूचा आणि कुठलं तोंड आत होतं, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

चाक बाहेर आलं की प्लेट सरळ उचलून निघायला हवी. अडकत असेल तर ड्रमच्या तोंडाशी झिजेमुळे काठ तयार झाला आहे. नखाने चाचपलं तरी तो लागतो. शू त्या काठाच्या आत अडकतात, तेव्हा आर्म मागे ढकलून शू पूर्ण मिटवा आणि प्लेट हलवत हलवत काढा. दोन्ही शू हातात धरून पुस्तक मिटावं तसे आतल्या बाजूने वर उचलले की पिन आणि कॅमवरून ते सुटून येतात, स्प्रिंगांसकट. पक्कड लावून आधी स्प्रिंगा ताणायची गरज नसते. त्या ओढाताणीत स्प्रिंग डोळ्यावर उडते.

आता लायनर बघा. नवा असताना तो साधारण ४ मिमी जाड असतो आणि २ मिमीवर आला की शू बदलायचे. सर्वांत बारीक झालेल्या जागी मोजायचं, मध्यावर नाही. दोन्ही शू नेहमी जोडीने बदलायचे, स्प्रिंगांसह. स्प्रिंगांचे वेटोळे मोकळे पडले असतील, तर ब्रेक सोडल्यावर शू परत येत नाहीत, ड्रमला घासत राहतात आणि मायलेज का पडलं हे कुणालाच समजत नाही.

दुकानात जाताना जुना शू बरोबर न्या. या घराण्यातल्या गाड्यांत ११० आणि १३० मिमी असे दोन आकाराचे ड्रम आढळतात आणि मॉडेलच्या नावावरून काउंटरवरचा माणूस चुकू शकतो. नवा शू जुन्याशेजारी ठेवून पिनकडचा अर्धगोल आणि कॅमकडचा सपाट भाग जुळतो का बघा. पन्नास-शंभर रुपये वाचवण्याची ही जागा नाही. नकली शूचा लायनर पापुद्र्यासारखा सुटून ड्रममध्ये फिरू लागला की चाक चालत्या गाडीत लॉक होतं. बिल घ्या, आणि खोक्यावरचा छापील मजकूर जरा लक्ष देऊन वाचा.

शू आणायला कुणी गेलं असेल तेवढ्यात इकडे कॅमकडे वळायचं. जुन्या मोटरसायकलीत ब्रेक जड लागण्याचं सर्वांत मोठं कारण मला विचाराल तर कोरडा पडलेला कॅम, आणि गॅरेजवाले सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच करतात. कोकणातल्या दोन-तीन पावसाळ्यांत पाणी आणि बारीक माती कॅमच्या दांड्याच्या कडेने आत जाते, जुनं ग्रीस सुकून खडूसारखं होतं आणि दांडा आपल्या भोकात रुततो. पाय दाबतो त्यातला बराच जोर त्याला फिरवण्यातच जातो, आणि पाय उचलला तरी तो पुरता मागे येत नाही. आर्मवर ठिपक्यांची खूण बघून आर्म काढा, कॅम बाहेर ओढा, दांडा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, भोक रॉकेलच्या फडक्याने पुसा. हाताने हलवून बघा. कॅम भोकात आडवा डुलत असेल तर प्लेट झिजली आहे आणि नुसत्या शूने भागणार नाही. मग दांड्यावर उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ लावायचं, तसंच कॅमच्या दोन्ही तोंडांवर आणि पिनवर, बोटाने पुसल्यावर जेवढं मागे राहील तेवढंच. जास्तीचं ग्रीस तापून वितळतं आणि लायनरवर जातं.

लायनरला ग्रीस किंवा तेल लागलं तर तो शू गेला. इथे गॅरेजमधली आणखी एक पद्धत आठवते: त्यावर पेट्रोल शिंपडून काडी लावायची, तेल जळून जातं म्हणे. वरचं जळतं. आत मुरलेलं तसंच राहतं आणि पहिल्याच घाटात पुन्हा वर येतं, शिवाय लायनर शूला ज्या गोंदाने चिकटवलेला असतो तोही भाजून निघतो. लायनर फक्त चकचकीत, कडक झाला असेल, तेल नसेल आणि जाडी शिल्लक असेल, तर तो जमिनीवर ठेवलेल्या ओल्या पॉलिश पेपरवर हलका घासून घेता येतो. जुन्या काळी झिजलेल्या शूवर रिबिटांनी नवा लायनर मारून देणारे कारागीर प्रत्येक तालुक्याच्या गावी असत. रिबिटाचं डोकं लायनरच्या पृष्ठापासून किती खोल बसलं पाहिजे हे त्यांना हाताने कळे. ते डोकं वर आलं की ड्रमला चरे पडायचे.

जोडताना काढल्याच्या उलट. दोन्ही स्प्रिंगा नव्या शूंना आधी अडकवा, शू व्हीच्या आकारात धरा, एक टोक पिनवर आणि दुसरं कॅमवर टेकवा आणि दोन्ही शू एकदम खाली दाबा. टक्क आवाज येऊन ते बसतात. बोटं शू आणि प्लेटच्या मध्ये नकोत. लायनरला हाताचं ग्रीस लागू नये म्हणून त्याच्याभोवती कागद गुंडाळून ठेवला तर उत्तम. प्लेट ड्रमवर ठेवा, चाक आत सरकवा, कॉलर फोटोप्रमाणे लावा, एक्सल घाला.

टॉर्क आर्म लावायला विसरू नका आणि त्याची कॉटर पिन नवी घाला. ब्रेक लागला की फिरता ड्रम प्लेटलाही आपल्याबरोबर फिरवायला बघतो. तिला थोपवणारी एवढी एकच पट्टी आहे. ती सुटली तर प्लेट चाकाबरोबर गरकन फिरते, रॉड वाकतो आणि चाक जाम होतं. पुढच्या चाकात हेच काम फोर्कच्या पायावरचा एक उंचवटा करतो. प्लेटवरची खाच त्या उंचवट्यावर बसलीच पाहिजे. पुढचं चाक घाईत बसवताना खाच बाजूला राहते, एक्सल तरीही आत जातो आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. म्हणून तिथे बोट घालून खात्री करा.

एक्सलचा नट शेवटचा आवळण्याआधी रॉड जोडा आणि कुणाला तरी पेडल जोरात दाबून धरायला सांगा. दाबलेल्या स्थितीत नट आवळला की शू ड्रममध्ये मधोमध बसतात. साधी गोष्ट आहे, पण नव्या लायनरचा ब्रेक पहिल्या दिवसापासून कसा धरेल हे बऱ्याच अंशी तिच्यावर ठरतं. चेनचा ताण जुळवण्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना हेही याच वेळी बघायचं. मग पेडलची मोकळी हालचाल २० ते ३० मिमी ठेवा. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला १० ते २० पुरते. रॉडच्या नटाला एक गोलसर खोबण असते, ती पिनवर बरोबर टेकलेली हवी. मध्येच राहिली तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला नट खोबणीत घसरून बसतो आणि हालचाल एकदम वाढते. चाक हाताने फिरवा. कुठेतरी हलका घासल्याचा आवाज आला तर हरकत नाही, अडून थांबत असेल तर नट थोडा सैल करा. आणि मागे जाऊन ब्रेकचा दिवा कधी लागतो ते बघा. नटाची जागा बदलली की तो उशिरा लागतो किंवा लागूनच राहतो.

नव्या लायनरचा गोल आणि जुन्या ड्रमचा गोल तंतोतंत जुळत नाहीत. सुरुवातीला लायनर काही ठिकाणीच टेकतो आणि ब्रेक आधीपेक्षा कमजोर वाटू शकतो. घाबरून नट आवळू नका. पहिले दोन-तीनशे किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर मधूनमधून मध्यम जोराने ब्रेक लावत लायनर बसू द्यायचा, सतत दाबून ठेवायचा नाही, आणि या दिवसांत डबलसीट घाट टाळायचा. पावसात भरल्या ओढ्यातून गाडी काढली तर पलीकडे गेल्यावर हळू चालवत पेडल हलकं दाबून धरा. ड्रम बंदिस्त असल्यामुळे आत पाणी सहज शिरत नाही, पण शिरलेलं लवकर निघतही नाही.

सगळं व्यवस्थित करूनही पेडल पायाखाली ठेक्यात वरखाली होत असेल, तर दोष शूचा नाही. ड्रम वाटोळा राहिलेला नाही. ड्रमच्या काठावर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, १३० मिमीच्या ड्रमवर १३१. व्हर्नियर लावून दोन-तीन दिशांनी मोजा. आकडा मर्यादेच्या आत असेल आणि दिशांमध्ये थोडाच फरक असेल, तर लेथवाल्याकडून ड्रम साफ करून घेता येतो, मात्र चाक लेथवर बेअरिंगच्या मध्यावर बांधणारा कारागीर हवा. मर्यादा ओलांडली असेल तर त्यात कितीही जाड लायनर घातला तरी उपयोग नाही, ओतीव लोखंडाची कडी पातळ झालेली असते आणि तापल्यावर तडकू शकते. तारांचं चाक असेल तर नवा हब आणून रिम त्यावर पुन्हा बांधून मिळते, आणि तारा ताणून चाक सरळ करणारे हात अजून बहुतेक बाजारपेठांत सापडतात. अलॉय चाकात ड्रम चाकाचाच भाग असतो. तिथे आख्खं चाक बदलावं लागतं.